मोहिमेत रक्कम दिसते, पण काढता येत नाही : अडथळा कसा शोधावा आणि मदत केंद्राला काय लिहावे

२०१० साली बेंगळुरूत मिलाप आणि २०१२ साली मुंबईत केटो हे मंच सुरू झाले. तेव्हापासून उपचारांसाठी ऑनलाइन निधी उभारण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. मंच कोणताही असो, रुग्णाच्या नातेवाइकांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. गावकरी, जुने वर्गमित्र, कार्यालयातील सहकारी आपापल्या परीने पैसे पाठवतात, मोहिमेच्या पानावर काही लाखांचा आकडा दिसू लागतो, आणि रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर पुढची अनामत भरायची वेळ आली की रक्कम काढण्याच्या बटणापुढे ‘पडताळणी सुरू आहे’ एवढेच उत्तर मिळते. मदत केंद्राला लिहिले तर ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असा ठरावीक मजकूर येतो. घरचे लोक दिवसभर फोन लावत राहतात आणि प्रत्येक वेळी नव्या प्रतिनिधीला सारी हकीकत पहिल्यापासून सांगतात.

परळ भागात उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांना कागदपत्रांच्या कामी मदत करताना हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. माझे मत असे झाले आहे की मदत केंद्राला पहिला संदेश लिहिण्याआधी पैसा नेमका कुठे थांबला आहे हे शोधून काढणे हेच सर्वांत महत्त्वाचे काम आहे. तो चार ठिकाणी थांबू शकतो : देणगीदाराच्या बँकेत, पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट कंपनीकडे, मंचाच्या पडताळणी विभागात किंवा लाभार्थीच्या, म्हणजे ज्याच्या खात्यात रक्कम यायची त्याच्या, बँकेत. प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा आहे आणि विचारायचा माणूसही वेगळा आहे. चुकीच्या ठिकाणी विचारणा केली, तर समोरचा कितीही सज्जन असला तरी त्याला काही करता येत नाही.

देणगीदाराचे पैसे गेले, पण मोहिमेत दिसत नाहीत

हा सर्वांत सोपा प्रकार आहे. देणगीदाराकडून यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक मागून घ्यावा. ‘पैसे कापले गेले’ एवढ्या वाक्याचा किंवा बँकेच्या संदेशाच्या अर्धवट छायाचित्राचा उपयोग होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला केलेला किंवा कार्डाने ऑनलाइन केलेला व्यवहार अर्धवट राहून खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यावी लागते. त्याहून उशीर झाल्यास बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. म्हणून अशी तक्रार देणगीदाराने आपल्या बँकेकडे करावी. मोहीम चालवणाऱ्या कुटुंबाने यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

देणगीदार आणखी एक गोष्ट विचारतात, ती म्हणजे १००० रुपये दिले असताना जास्त रक्कम का कापली गेली. अनेक मंच देणगीसोबत स्वतःसाठी ऐच्छिक रक्कम मागतात आणि ती आधीच निवडलेली असते. पैसे भरण्यापूर्वी ती शून्य करता येते, पण घाईत ती नजरेतून सुटते. ग्राहकाच्या संमतीशिवाय व्यवहारात देणगीसारखी जादा रक्कम जोडणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये फसव्या मांडणीचा प्रकार मानले आहे. असे झाले असल्यास देणगीदाराने त्याच दिवशी लेखी परतावा मागावा. मोहिमेचा दुवा पाठवतानाच ‘वरची रक्कम ऐच्छिक आहे’ अशी एक ओळ लिहिणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण दुखावलेला देणगीदार शेवटी कुटुंबाकडेच संशयाने पाहतो.

पानावरचा आकडा आणि काढता येणारी रक्कम

पानावर दिसणारा आकडा म्हणजे हाती आलेली रक्कम असे समजू नये. ऑनलाइन भरलेले पैसे प्रथम पेमेंट कंपनीच्या एस्क्रो खात्यात (इतरांचे पैसे तात्पुरते वेगळे राखून ठेवण्याच्या खात्यात) जमा होतात, तेथून पुढे मंचाकडे जातात, आणि त्यातून व्यवहारशुल्क व त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटी वजा होतो. शुक्रवारी रात्री आलेली मोठी देणगी शनिवारी सकाळी काढता येत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत रक्कम पाठवण्याची एनईएफटी सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस सेवा १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. त्यामुळे ‘बँकेला सुट्टी आहे’ हे उत्तर अपुरे आहे. मात्र पेमेंट कंपनीचा हिशेब आणि मंचाची तपासणी कामकाजाच्या दिवशीच होत असेल, तर सुट्टीत पैसे अडकतात. अशा वेळी मदत केंद्राला ‘पैसे कधी मिळतील’ असे न विचारता ‘आज काढण्यायोग्य रक्कम किती, उरलेली कोणत्या तारखेला काढण्यायोग्य होईल आणि एकूण कपात किती’ असे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे आकड्यांत द्यावी लागतात आणि म्हणून ती मिळतात. परदेशातून आलेल्या देणग्यांचा हिशेब वेगळा ठेवला जातो आणि त्यांना अधिक वेळ लागू शकतो, हे अमेरिकेत किंवा आखातात नातेवाईक असलेल्या कुटुंबांनी गृहीत धरावे.

नावातील तफावत

माझ्या पाहण्यात सर्वाधिक मोहिमा येथे अडतात, आणि हा अडथळा महाराष्ट्रातील कुटुंबांना विशेष भोवतो. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. अनेकदा आधारवर ते या क्रमाने असतात, बँकेच्या जुन्या पासबुकात आडनाव आधी असते, पॅनकार्डावर मधले नाव केवळ आद्याक्षरापुरते असते आणि केसपेपरवर ते मुळीच नसते. विवाहानंतर आधार बदलले पण पॅन माहेरच्या नावाचे राहिले, ही तर अनेक घरांतील स्थिती आहे. त्यात रोमन लिपीतील स्पेलिंगच्या फरकांची भर पडते. एकट्या ‘ज्ञानेश्वर’ या नावाचे स्पेलिंग तीन-चार प्रकारे केले जाते. बँक खाते जोडताना मंच त्या खात्यात एक रुपया पाठवतो आणि बँकेकडून आलेले खातेदाराचे नाव अर्जातील नावाशी ताडून पाहिले जाते. ही तुलना यंत्र करते. सुनेचे माहेरचे आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे, हे आपल्याला एका दृष्टिक्षेपात कळते, यंत्राला कळत नाही.

उपाय असा की नाव मंचाच्या अर्जात बदलत बसण्याऐवजी लाभार्थी म्हणून घरातील अशी व्यक्ती निवडावी जिचे आधार, पॅन आणि पासबुक या तिन्हींवरील नाव अक्षरशः एक आहे आणि जिचे रुग्णाशी जवळचे नाते कागदोपत्री दाखवता येते. रुग्णाचे स्वतःचे खाते देणे अनेकांना अधिक प्रामाणिकपणाचे वाटते, परंतु अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाला ओटीपी सांगता येत नाही आणि सहीही करता येत नाही. शिवाय दुर्दैवाने रुग्ण दगावल्यास त्याचे खाते गोठवले जाते आणि मग वारसांची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सारी रक्कम अडकून पडते. तीन कागद जुळणारी व्यक्ती घरात नसेलच, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रत किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकडील प्रतिज्ञापत्र मंचाकडे द्यावे आणि यंत्राच्या निकालावर न थांबता प्रत्यक्ष माणसाकडून तपासणी करण्याची लेखी विनंती करावी. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले आहे. तेही एकदा तपासून घ्यावे, कारण निष्क्रिय पॅनचा अर्ज परत येतो तेव्हा कारण स्पष्ट लिहिलेले असतेच असे नाही.

खात्याचा प्रकार आणि आयएफएससी

मंचाने ‘रक्कम पाठवली’ असे सांगितले आणि दोन दिवसांनी ती परत गेली, अशा वेळी दोष बहुधा खात्याचा असतो. पूर्ण केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याची प्रक्रिया) न करता उघडलेल्या ‘लघु खात्यात’ एका वेळी ५०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात एकूण १ लाखाहून अधिक जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० रुपयांहून अधिक काढता येत नाहीत. ग्रामीण भागात शिबिरांमध्ये उघडलेली काही खाती अजून याच प्रकारात आहेत आणि खातेदाराला त्याची कल्पना नसते. शाखेत जाऊन आधार व पॅन देऊन पूर्ण केवायसी करून घेतली की ही बंधने उठतात. दोन वर्षे व्यवहार न झालेले खातेही निष्क्रिय ठरते.

बँकांच्या विलीनीकरणानंतर जुने झालेले आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचे संकेतांक, हे दुसरे कारण आहे. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये, सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत आणि त्याच दिवशी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचे १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँकेशी एकत्रीकरण झाले. घरात ठेवलेल्या जुन्या पासबुकावरचा संकेतांक पाहून अर्ज भरू नये, शाखेतून नवा छापील तपशील घ्यावा. आयएफएससी ११ चिन्हांचा असतो आणि त्यातील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. तेथे रोमन ‘ओ’ लिहिला गेल्यामुळेही अर्ज नाकारला जातो.

रुग्णालयाचे कागद

मंचाच्या पडताळणी विभागातील व्यक्तीने रुग्णाला पाहिलेले नसते. तिच्यापुढे फक्त कागद असतात आणि खोट्या मोहिमांचा अनुभव असल्यामुळे ती प्रत्येक कागद संशयाने तपासते. देणगीदारांच्या पैशांसाठी ही तपासणी हवीच, असे मी मनापासून मानतो. म्हणून तिला शंका उरणार नाही असा कागद देणे हे आपले काम आहे. खर्चाचे एस्टिमेट रुग्णालयाच्या लेटरहेडवर असावे. त्यावर अलीकडची तारीख, आधारप्रमाणे रुग्णाचे पूर्ण नाव, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, निदान, उपचारांचा कालावधी, खर्चाची फोड, डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का असावा. यांतील एखादी गोष्ट राहिली तर ती हाताने लिहून पाठवू नये. खाडाखोड केलेला कागद कोऱ्या जागेपेक्षा अधिक संशय निर्माण करतो. वॉर्डातील नर्स किंवा निवासी डॉक्टर यांच्यामागे लागण्याऐवजी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. असे कागद रोज तयार करून देणारी माणसे तेथे असतात आणि धर्मादाय योजनेतून काही सवलत मिळू शकते का, हेही तेथेच कळते.

कागदाचे छायाचित्र काढताना चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि शिक्का पूर्ण आला पाहिजे. ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु ‘कागद अस्पष्ट’ या एका शेऱ्यामुळे पडताळणीची फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि मधला दिवस वाया जातो.

रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात पाठवण्याची सोय असेल तर ती घ्यावी. ती सहसा लवकर मंजूर होते आणि कुटुंबाला नंतर प्रत्येक पावतीचा खुलासा देत बसावे लागत नाही. येथे मात्र एक स्थानिक अडचण येते. महाराष्ट्रातील अनेक मोठी रुग्णालये न्यासांकडून चालवली जातात आणि त्यांचे बँक खाते न्यासाच्या नावाने असते. पुण्याचे दीनानाथ मंगेशकर रुग्णालय लता मंगेशकर मेडिकल फाउंडेशनकडून चालवले जाते. दुसऱ्या राज्यात बसलेल्या तपासनिसाला अशी दोन नावे पाहून खाते तिसऱ्याच कोणाचे आहे असे वाटू शकते. बिलिंग विभागाकडून ‘या नावाचे खाते आमच्या रुग्णालयाचे आहे’ असे लेटरहेडवरचे दोन ओळींचे पत्र एस्टिमेटसोबतच जोडले, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

मदत केंद्राला लिहिताना

फोनवर बोलणे मनाला धीर देते, पण काम पुढे सरकते ते लेखी संदेशाने, कारण प्रतिनिधी बदलला तरी तिकीट क्रमांकाखालील (तक्रारीच्या नोंद क्रमांकाखालील) मजकूर तसाच राहतो. एका अडचणीसाठी एकच तिकीट ठेवावे आणि पुढचे सर्व लेखन त्याच्याच उत्तरात करावे. ईमेल, चॅट आणि समाजमाध्यम अशा तिन्हीकडे एकाच वेळी नवी तक्रार टाकल्यास तीन वेगळी माणसे तीन वेगळी उत्तरे देतात आणि कागदही विखुरतात. रुग्णाची हलाखी त्या संदेशात विस्ताराने सांगण्याची गरज नाही, ती मोहिमेच्या पानावर आहेच. मी पुढील मसुदा सुचवतो. केंद्राचा व्यवहार हिंदीत किंवा इंग्रजीत चालत असेल तर त्या भाषेत, पण याच क्रमाने लिहावे.

‘मोहिमेचा क्रमांक अमुक. अमुक तारखेला केलेल्या, अमुक रक्कम काढण्याच्या विनंतीची स्थिती तेव्हापासून “पडताळणी सुरू आहे” अशीच आहे. लाभार्थीचे आधार, पॅन व पासबुक, तसेच रुग्णालयाचे अमुक तारखेचे एस्टिमेट आणि खात्याचे पत्र सोबत जोडले आहे. रुग्णालयाने अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरण्यास सांगितले आहे, त्याची लेखी सूचनाही जोडली आहे. कृपया कळवावे की नेमका कोणता कागद अपुरा आहे, तो कोणत्या कारणाने नाकारला गेला आणि पुढील तपासणी कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल. पूर्ण रक्कम देणे शक्य नसल्यास तातडीचा हप्ता थेट रुग्णालयाच्या खात्यात पाठवावा, ही विनंती.’

शेवटच्या वाक्याकडे लक्ष वेधतो. पूर्ण रकमेवर अडून बसल्यास सर्वच थांबते. शस्त्रक्रियेपूर्वी भरायच्या हप्त्यापुरती मागणी, तीही रुग्णालयाच्या खात्यात, मंजूर करणे मंचालाही सोपे जाते.

एक इशारा येथेच द्यावा लागेल. मदत केंद्राचा क्रमांक शोधयंत्रावर शोधून फोन लावू नये. मंचाच्या अधिकृत ॲपमधील किंवा संकेतस्थळावरील मार्गच वापरावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘रक्कम मोकळी करण्यासाठी’ आधी शुल्क भरा, स्क्रीन दाखवणारे ॲप घ्या किंवा आलेला क्यूआर कोड स्कॅन करा असे सांगणारी व्यक्ती ठकच असते. मोहिमेच्या पानावर फोन क्रमांक उघड लिहिणाऱ्या कुटुंबांना असे फोन हमखास येतात. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता अधिक असते.

उत्तरच येत नसेल तर

मंचाच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल दिलेले असते. साधे तिकीट अडले की या अधिकाऱ्याला, आधीच्या तिकिटाचा क्रमांक देऊन, स्वतंत्र ईमेल करावा. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार अशा अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे, आणि या नियमाचा उल्लेख ईमेलमध्ये सौम्य शब्दांत जरूर करावा. रुग्णालयात माणूस असताना एक महिना फार मोठा आहे, याची मला जाणीव आहे. त्यामुळे महिना संपण्याची वाट न पाहता, आठवडाभर समर्पक उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन ती तक्रार कंपनीकडे पाठवते, आणि ज्या तिकिटाला ठरावीक मजकूर येत होता त्याला काही वेळा यानंतर नावानिशी उत्तर येते.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा सल्ला काही जण देतात. तो बँकेविरुद्धच्या तक्रारीपुरता योग्य आहे. मंचाने पाठवलेली रक्कम आपल्या बँकेने जमा करून घेतली नाही आणि बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. मंच स्वतः बँक नसल्यामुळे त्याच्या पडताळणीतील विलंबाबद्दल तेथे अर्ज केल्यास तो फेटाळला जाईल आणि तेवढा वेळ वाया जाईल.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग शेवटचा आहे. तो उपचार सुरू असताना उपयोगी पडेल असे नाही, पण नंतर त्याची गरज लागू शकते. त्यासाठी मोहिमेच्या पहिल्या दिवसापासूनचे सर्व ईमेल, तिकीट क्रमांक आणि विशेषतः शुल्क कापल्याचे विवरण जपून ठेवावे. सेवा मोबदला देऊन घेतली होती हे त्याच विवरणावरून दाखवता येते. मोहीम बंद केल्यावर पान आणि त्यातील अहवाल दिसेनासे होऊ शकतात, म्हणून बंद करण्याआधीच ते उतरवून घ्यावेत.